हवाई दलप्रमुखपदापर्यंत माणूस पोचतो तो कशाच्या जोरावर?

प्रश्न नांदेडच्या एका पालकांचा आहे. "आमच्या जिल्ह्यातल्या हस्तरा गावचे विवेक राम चौधरी हवाई दलप्रमुख झाले, तेव्हापासून माझ्या मुलीच्या डोक्यात हवाई दल बसलंय. ती आता दहावीत आहे. माणूस त्या खुर्चीपर्यंत नेमका कशाच्या जोरावर पोचतो? उडवण्याचं कसब, युद्धातला पराक्रम, ओळखी, की नुसती सेवाज्येष्ठता? आणि मुलीला ही वाट खुली आहे का?"

तुमच्या चारही गोष्टींचा थोडाफार वाटा आहे. पण सगळ्यांत वजनदार दोन गोष्टी तुमच्या यादीत आलेल्याच नाहीत. एक, चाळिशीच्या आसपास मिळणारी स्क्वाड्रनची, म्हणजे विमानांच्या एका तुकडीची, कमान (नेतृत्व). दुसरी, जन्मदाखल्यावरची तारीख. मी लढाऊ विमानांवर नोकरीची पहिली वर्षं काढली, मधे काही काळ अधिकाऱ्यांच्या बढत्या-बदल्या बघणाऱ्या विभागात फायली हलवल्या आणि ग्रुप कॅप्टन म्हणून निवृत्त झालो. पुढे एअर मार्शल (प्रमुखाच्या खालोखालचं पद) झालेले आणि होता होता राहिलेले, असे दोन्ही प्रकार जवळून पाहिले. त्यावरून सांगतो.

सुरुवात पटकन उरकतो, कारण ती सगळ्यांची जवळपास सारखी असते. बारावीनंतर खडकवासल्याची एनडीए, तीन वर्षं. मग हैदराबादजवळच्या दुंडिगलच्या हवाई दल अकादमीत उड्डाणाचं शिक्षण, तिथं पहिले धडे पिलाटस या छोट्या विमानावर. पुढे वाटा फुटतात. लढाऊवाले बिदरला हॉक विमानांवर जातात, मालवाहूवाले येलहंक्याला, हेलिकॉप्टरवाले हकीमपेटला. पदवीनंतर एएफकॅट किंवा सीडीएस या प्रवेश परीक्षा देऊनही येता येतं, पण वरच्या पदांचा विचार केला तर एनडीएवाल्यांना वयाचा फायदा असतो. तो कसा, ते पुढे तारखांच्या हिशेबात येईलच.

कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक, मिळताना तुम्ही फ्लाइंग ऑफिसर असता. दोन वर्षांनी फ्लाइट लेफ्टनंट, सहा वर्षांनी स्क्वाड्रन लीडर, तेरा वर्षांनी विंग कमांडर. इथपर्यंतच्या बढत्या वर्षांवर मिळतात. परीक्षा द्याव्या लागतात, तब्येत नीट लागते, पण कोर्समेटला मागे टाकून पुढे जाण्याचा प्रश्न नसतो. सगळी बॅच एकत्र वर सरकते. बाहेरच्या लोकांना वाटतं की चुरस पहिल्या दिवसापासून असते. कागदावर ती पस्तिशीपर्यंत दिसतसुद्धा नाही.

दिसत नाही, पण चालू असते. पहिल्या दहा-बारा वर्षांत पायलटची 'कॅटेगरी' ठरत जाते. ढगात, अंधारात, फक्त उपकरणांवर विसंबून विमान चालवण्याचं रेटिंग व्हाइटवरून ग्रीन आणि मग मास्टर ग्रीन होतं. हवाई दलाचे परीक्षक अधूनमधून स्क्वाड्रनमध्ये येऊन धडकतात. आम्ही त्यांना 'ट्रॅपर' म्हणायचो, यावरून त्यांचं स्वागत कसं होत असेल ते ओळखा. मग वेगवेगळे कोर्स असतात. तांबरमला प्रशिक्षकाचा कोर्स आहे, ग्वाल्हेरच्या 'टॅकडे' या हवाई युद्धतंत्र शिकवणाऱ्या संस्थेत फायटर कॉम्बॅट लीडरचा, बंगळुरूला टेस्ट पायलटचा. या तिन्हींपैकी एकही न करता वर गेलेला लढाऊ पायलट मला आठवत नाही. चौधरी प्रशिक्षक होते, त्यातही वरच्या 'अ' श्रेणीचे. मिग-21, मिग-23, मिग-29, सुखोई-30 अशा विमानांवर त्यांचे 3,800 हून जास्त तास झाले. त्यांच्या आधीचे राकेशकुमार सिंह भदौरिया आणि नंतरचे अमरप्रीत सिंग हे दोघेही टेस्ट पायलट.

मात्र नुसत्या उड्डाणाच्या कसबावर प्रमुख होता येत नाही. अंतराळात गेलेले राकेश शर्मा टेस्ट पायलट होते, अख्ख्या देशाला तोंडपाठ नाव, आणि ते विंग कमांडर म्हणून सेवेतून बाहेर पडले. 1987 मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये रुजू झाले आणि आपल्या नाशिकजवळच्या ओझरला विमानांच्या चाचण्या घेत राहिले. त्यात कमीपणा काहीच नाही. उत्तम वैमानिकाची कारकीर्द आणि एअर मार्शलची कारकीर्द या दोन वेगळ्या वाटा आहेत आणि विंग कमांडरच्या आसपास त्या फुटतात, एवढंच सांगायचंय.

या सुमारास आणखी एक चाळणी लागते. वेलिंग्टनच्या डिफेन्स सर्व्हिसेस स्टाफ कॉलेजला जायला मिळतं की नाही. निलगिरीतलं हे जवळपास वर्षभराचं शिक्षण तिन्ही दलांचे अधिकारी एकत्र घेतात. विमानाच्या काचेतून युद्ध बघणारा माणूस इथं पहिल्यांदा नकाशावरून युद्ध बघायला शिकतो. रेशन, इंधन, रस्ते, पूल, दुसऱ्या दलाच्या गरजा. अनेक चांगले पायलट इथं कंटाळतात आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसतंही.

मग येते कमान. सेवेची साधारण सतरा-अठरा वर्षं झाल्यावर काही निवडक अधिकाऱ्यांना स्क्वाड्रनचा सी.ओ. (कमांडिंग ऑफिसर) म्हणून नेमतात. माझ्या मते सगळी कारकीर्द या दोनेक वर्षांत घडते किंवा फिसकटते, म्हणून इथं जरा थांबतो.

सी.ओ. म्हणजे काय, ते मला कळलं ते मी अजून तरुण असताना, पंजाबातल्या एका तळावर. डिसेंबरचा महिना, मिग-21 ची स्क्वाड्रन. महिना संपत आलेला आणि ठरवून दिलेले उड्डाणाचे तास पुरे झालेले नाहीत. धुकं रोजचंच. पहाटे चारपासून टेक्निशियन विमानं तयार करून उभे, आम्ही जी-सूट चढवून क्रू रूममध्ये चहा पीत बसलेलो. हवामानवाला सांगतोय की नऊपर्यंत उघडेल. नऊ वाजता थोडं उघडलंही. दोन नवीन पोरांच्या उड्डाणांचा नंबर होता, दोघंही जायला अधीर. सी.ओ.नी त्यांना बसवलं, स्वतः दोन आसनी विमान घेऊन वर गेले, दहा-बारा मिनिटांत उतरले. आल्यावर हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "पश्चिमेकडून परत येतंय. आज नाही." मुख्यालयातून फोन आला, तास कमी पडताहेत. त्यांनी शांतपणे "उद्या बघतो, सर" एवढंच सांगितलं. मग लाइनवर जाऊन पहाटेपासून उभ्या असलेल्या पोरांना जेवायला पिटाळलं. अर्ध्या तासात धावपट्टीचं दुसरं टोक दिसेनासं झालं.

अशी सकाळ कुठल्याही अहवालात येत नाही. त्या पोरांना वर पाठवलं असतं आणि ती नशिबानं सुखरूप उतरली असती, तर तास पुरे झाले म्हणून शाबासकीच मिळाली असती. आणि एखादा उतरला नसता, तर चौकशी बसली असती. उड्डाणाआधी ऑथोरायझेशन बुकात जी सही होते, तिच्या मागे शेवटी जबाबदारी सी.ओ.ची असते. ही सही कधी करायची आणि कधी पेन खिशात ठेवायचं, हे ज्याला जमतं त्याची स्क्वाड्रन वर्षभरात ओळखू येते. विमानं जास्त वेळ उडायच्या स्थितीत असतात, पोरं लवकर 'ऑप्स' (लढाईच्या मोहिमांसाठी तयार) होतात, अपघात कमी होतात, आणि बदली होऊन जाणारा टेक्निशियन निरोप घेताना डोळे पुसतो. बढतीसाठी निवड करणाऱ्या बोर्डापुढे यातले पहिले तीन आकडे येतात. चौथ्याची बातमी आपोआप पसरते, कारण हवाई दल हे फार लहान गाव आहे.

आणि कमानीच्या काळात युद्ध झालं तर? बिरेंदर सिंग धनोआ 1999 मध्ये विंग कमांडर होते आणि 17 क्रमांकाच्या 'गोल्डन ॲरोज' स्क्वाड्रनची कमान त्यांच्याकडे होती. 27 मे 1999 ला कारगिलमध्ये त्यांच्याच स्क्वाड्रनचे स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा शहीद झाले. हातातला माणूस गेल्यावर उरलेल्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच डोंगरांवर न्यायचं, ही परीक्षा कुठल्या अभ्यासक्रमात नसते. त्या उन्हाळ्यात धनोआंनी रात्रीच्या अंधारात मिग-21 घेऊन पहाडी मुलखात मोहिमा केल्या. युद्ध सेवा पदक मिळालं. 31 डिसेंबर 2016 ला ते हवाई दलप्रमुख झाले.

पराक्रमाबद्दल तुमचा प्रश्न होता. प्रमुखांच्या यादीत महावीर चक्रवाले आहेत. मुंबईचे हृषीकेश मुळगावकर यांना 1947-48 च्या काश्मीर मोहिमेसाठी ते मिळालं, ते तिथल्या हवाई विंगचं नेतृत्व करत होते. स्वरूप कृष्ण कौल यांना 1971 साठी, ते 37 क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे सी.ओ. होते. दोघांनाही पदक मिळालं ते कमान हातात असताना, हे लक्षात घ्या. एरवी छातीवर शौर्यपदक असूनही ग्रुप कॅप्टनपदावर थांबलेले अधिकारी कितीतरी आहेत. पदकानं मान वाढतो, बोर्डात गुणही मिळतात, पण पुढच्या जागेसाठी नेमणुका आणि अहवालच बघितले जातात.

ते बोर्ड कसं असतं? ग्रुप कॅप्टनपासून पुढची प्रत्येक पायरी निवडीची. निवड न झालेला अधिकारी 26 वर्षांच्या सेवेनंतर कालबद्ध ग्रुप कॅप्टन होतो, खांद्यावरच्या पट्ट्या तेवढ्याच असतात, पण पुढचा जिना त्याच्यासाठी बंद झालेला असतो. निवडीच्या बोर्डापुढे गेल्या अनेक वर्षांचे गोपनीय अहवाल ठेवलेले असतात. एकच साहेब खूश होता किंवा नाराज होता, याला फारसा अर्थ राहत नाही, कारण अहवाल लिहिणारे, तपासणारे, त्यावर शेरा मारणारे वेगवेगळे आणि दर दोन-तीन वर्षांनी बदलणारे असतात. तरीही एखादा कोरडा अहवाल नडतो. जागा इतक्या थोड्या आणि माणसं इतकी सारखी चांगली, की निवड दशांश चिन्हानंतरच्या आकड्यावर होते. पत्नीला, आईवडिलांना हे समजावून सांगणं फार अवघड जातं. "तुमचं काय चुकलं?" या प्रश्नाला बहुतेक वेळा "काहीच नाही" हेच खरं उत्तर असतं.

मग ओळखी? अगदी नसतातच असं म्हणणार नाही. कुठल्या अधिकाऱ्याला चांगल्या नेमणुकीवर पाठवायचं, यात त्याच्याबरोबर काम केलेल्या वरिष्ठाचा शब्द चालतो. पण तो वरिष्ठ त्याला ओळखतो ते त्याच्या कामामुळेच, बाहेरच्या वशिल्यामुळे नाही. नांदेडहून मंत्रालयात फोन करून विंग कमांडरचा ग्रुप कॅप्टन होत नाही, उलट तसा फोन आल्याचं कळलं तर नुकसानच होतं.

ग्रुप कॅप्टन आणि एअर कमोडोर या पदांवर तळ सांभाळायचा असतो, आणि इथं अनेक नावाजलेले पायलट घसरतात. कारण तळ म्हणजे एक शहर. धावपट्टीच्या दुरुस्तीपासून केंद्रीय विद्यालयातल्या प्रवेशापर्यंत सगळं तुमच्या टेबलावर येतं. क्वार्टर्समधलं पाणी, कुंपणाला लागून झालेलं बांधकाम, जमिनीच्या मोजणीवरून गावकऱ्यांशी वाद. आणि पक्षी. धावपट्टीच्या आसपास कचरा, मांसाचे अवशेष टाकले गेले की घारी येतात आणि एक घार इंजिनात गेली की कोट्यवधींचं विमान आणि आतला माणूस दोन्ही धोक्यात. त्यासाठी तळप्रमुखाला जिल्हाधिकारी आणि महापालिकेच्या अधिकाऱ्यांपुढे बसून कत्तलखान्याच्या जागेबद्दल गोडीत बोलावं लागतं. लोहगावचा तळ तर पुण्याच्या वाढत्या वस्तीनं वेढलेला, वर त्याच धावपट्टीवरून प्रवासी विमानंही उडतात. सुखोईवर बसून शत्रूवर नेम धरणारा माणूस नगरसेवकाशी अदबीनं बोलू शकतो का, हे इथं दिसतं.

तिथून पुढे दिल्लीचं वायू भवन. एअर व्हाइस मार्शल, मग एअर मार्शल. सात कमांड आहेत: दिल्लीची पश्चिम, शिलाँगची पूर्व, प्रयागराजची मध्य, तिरुअनंतपुरमची दक्षिण, गांधीनगरची नैर्ऋत्य, बंगळुरूची प्रशिक्षण आणि नागपूरची देखभाल कमांड. प्रत्येकीवर एक एअर मार्शल. नागपूरची कमांड साधारणपणे इंजिनियरिंग शाखेच्या अधिकाऱ्याकडे असते, म्हणजे पायलट नसलेला माणूसही एअर मार्शल होतो. डॉक्टर होतात, प्रशासनातलेही होतात. पण प्रमुखपद आजवर वैमानिकांकडेच राहिलं आहे, त्यातही बहुतांश लढाऊवाल्यांकडे. हेलिकॉप्टरवाले पहिले प्रमुख फली मेजर, तेही 2007 मध्ये. दलाच्या जन्मानंतर पंचाहत्तर वर्षांनी!

दिल्लीतल्या टेबलावर काय घडतं, याचं उदाहरण मुळगावकरांचंच घ्या. 1976 ते 1978 ते प्रमुख होते. शत्रूच्या मुलखात खोलवर जाऊन मारा करणारं विमान हवं, ही मागणी बरीच वर्षं रेंगाळत होती, तिला त्यांच्या काळात वेग आला. जॅग्वार विमानं 1979 पासून येऊ लागली. ज्यांच्या काळात या खरेदीला वेग आला ते मुळगावकर निवृत्त होऊन पुण्यात राहिले, 2015 मध्ये वयाच्या 94 व्या वर्षी गेले, आणि जॅग्वार त्यानंतरही उडत राहिली. राफेलचंही तसंच. 36 विमानांच्या खरेदीच्या वाटाघाटी करणाऱ्या भारतीय पथकाचं नेतृत्व भदौरियांकडे होतं, तेव्हा ते उपप्रमुख होते. किंमत, सुटे भाग, शस्त्रं, देखभालीची हमी. महिनोन्महिने चालणारी ही घासाघीस ज्याला कंटाळवाणी वाटते त्यानं एअर मार्शल होऊ नये.

आता जन्मतारखेकडे येतो. नियम साधे आहेत. एअर व्हाइस मार्शल 58 व्या वर्षी निवृत्त होतो, एअर मार्शल 60 व्या वर्षी. प्रमुखाला तीन वर्षं किंवा वयाची 62, यातलं जे आधी येईल ते. निवृत्ती त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी. प्रमुखाची नेमणूक मंत्रिमंडळाची नियुक्ती समिती करते आणि हवाई दलात बहुतेक वेळा सर्वांत ज्येष्ठ अधिकाऱ्यालाच निवडलं जातं. म्हणजे वरची खुर्ची रिकामी होईल त्या दिवशी तुम्ही अजून गणवेशात असायला हवं आणि तुमच्यापुढे कुणी उरलेला नसायला हवा. कर्तृत्व सारखंच असलेल्या दोघांपैकी एक प्रमुख होतो आणि दुसरा दोन महिने आधी घरी जातो.

भदौरियांचं प्रकरण तर आमच्या मेसमध्ये कित्येक दिवस चघळलं गेलं. त्यांचा जन्म 15 सप्टेंबर 1959 चा. म्हणजे एअर मार्शल म्हणून ते 30 सप्टेंबर 2019 ला निवृत्त होणार. आणि धनोआंची प्रमुखपदाची मुदतही नेमकी 30 सप्टेंबर 2019 लाच संपत होती. एकाच दिवशी दोघंही. सरकारनं सप्टेंबरमध्येच भदौरियांचं नाव जाहीर केलं आणि ज्या दिवशी घरी जायचं त्या दिवशी त्यांनी दलाची सूत्रं घेतली. जन्म ऑगस्टच्या अखेरीचा असता तर तीच कारकीर्द, तेच 26 प्रकारच्या विमानांवरचं उड्डाण, आणि एअर मार्शल म्हणून निरोप.

मराठी माणसांचे दाखले घ्या. अनिल यशवंत टिपणीस यांचा जन्म 15 ऑगस्ट 1940 चा. 31 डिसेंबर 1998 ला प्रमुख झाले तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे, त्यामुळे पुरी तीन वर्षं मिळाली. नागपूरला जन्मलेले, सातारा सैनिक शाळेचे विद्यार्थी प्रदीप वसंत नाईक यांचा जन्म 22 जुलै 1949 चा. 31 मे 2009 ला प्रमुख झाले आणि जुलै 2011 मध्ये बासष्ट पूर्ण, सव्वादोन वर्षांच्या आतच मुदत संपली. पण त्यांच्याच बाबतीत दुसरी बाजू बघा. जून 1969 मध्ये कमिशन मिळालं तेव्हा त्यांना विसावं वर्ष पुरं व्हायचं होतं. कोर्समध्ये वयानं लहान असण्याचा फायदा तो हाच. चाळीस वर्षांनंतर, रांगेत आपला नंबर येईपर्यंत, हातात वर्षं शिल्लक राहतात. एनडीएवाल्यांच्या वयाच्या फायद्याबद्दल वर म्हणालो तो हा.

कधी एका कोर्सचं नशीबच फळफळतं. 2019 च्या अखेरीस भदौरिया, लष्करप्रमुख मनोज नरवणे आणि नौदलप्रमुख करमबीर सिंग हे तिघंही एनडीएच्या 56 व्या कोर्सचे होते. नंतर चौधरी, लष्करप्रमुख झालेले नागपूरचे मनोज पांडे आणि नौदलप्रमुख झालेले आर. हरी कुमार, हे तिघे 61 व्या कोर्सचे. त्या कोर्सेसमध्ये इतरांहून फार हुशार मुलं होती असं कुणी म्हणणार नाही. कॅलेंडर जुळलं.

पूर्वी हा हिशेब वेगळाच होता. अर्जन सिंग 1964 मध्ये प्रमुख झाले तेव्हा पंचेचाळीस वर्षांचे होते. ब्रिटिश गेले, वरच्या जागा मोकळ्या झाल्या, नवं दल भराभर वाढलं. आज त्या वयाचा चांगला अधिकारी ग्रुप कॅप्टन असतो आणि पुढच्या बोर्डाची वाट बघत असतो. म्हणून जुन्या पिढीच्या चरित्रांवरून आजचे आडाखे बांधू नका.

आणि त्या खुर्चीवर बसल्यावर काय? टिपणीसांना प्रमुख होऊन पाच महिने होत नाहीत तोच कारगिल. 26 मे 1999 ला हवाई मोहीम सुरू झाली ती एका अटीवर, नियंत्रण रेषा ओलांडायची नाही. हवाई दलासाठी ही अट फार जाचक. विमान वळायलाच कित्येक किलोमीटर घेतं, आणि लक्ष्य सोळा-सतरा हजार फुटांवरच्या कड्यावर, विरळ हवेत, जिथं बॉम्ब नेहमीच्या गणितानं पडत नाही. दुसऱ्या दिवशी दोन लढाऊ विमानं गमावली, तिसऱ्या दिवशी एक एमआय-17 हेलिकॉप्टर त्यातल्या चौघांसह. त्यानंतर मारा करण्याच्या कामावरून हेलिकॉप्टरं काढून घेण्यात आली, लढाऊ विमानं क्षेपणास्त्रांच्या पल्ल्याच्या वर नेली गेली, मिराज-2000 पुढे आली. जूनच्या मध्यावर मुंथो धालोचा शत्रूचा रसदतळ उद्ध्वस्त झाला, 24 जूनला टायगर हिलवर लेझरनं नेम धरलेले बॉम्ब पडले. नुकसान सोसून तीन दिवसांत पद्धत बदलायची, अट पाळायची आणि सरकारपुढे व लष्करापुढे आपली बाजूही मांडायची. मला वाटतं, प्रमुखपदाची लायकी असल्याच आठवड्यात कळते, आणि तिची तयारी तीस वर्षं आधी, धुक्यातल्या सकाळी 'आज नाही' म्हणताना सुरू झालेली असते.

राहिला मुलीचा प्रश्न. वाट खुली आहे आणि ती अलीकडेच खुली झाली आहे. अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंग या पहिल्या तिघी जून 2016 मध्ये लढाऊ शाखेत आल्या. तेव्हा ती योजना प्रायोगिक होती, 2022 मध्ये कायम झाली. त्याच वर्षी एनडीएत मुलींची पहिली तुकडी दाखल झाली आणि 2025 मध्ये खडकवासल्यातून बाहेर पडली. पद्मा बंदोपाध्याय एअर मार्शल झाल्या त्या वैद्यकीय शाखेतून. लढाऊ शाखेतल्या मुली तिथं पोचायला वेळ लागेल. कारण कमिशनपासून प्रमुखपदापर्यंत टिपणीस आणि चौधरींना सुमारे साडेअडतीस वर्षं लागली, नाईकांना चाळीस. तुमची मुलगी बारावीनंतर लगेच गेली तरी तिचा हिशेब 2070 च्या आसपासचा निघतो. तेव्हा आज प्रमुखपदाचं बोलू नका, स्क्वाड्रनचं बोला.

आता करायचं काय, ते सांगतो. अकरावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स हवंच. मुलींसाठी राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था 2023 पासून नाशिकला सुरू आहे. मुलांची छत्रपती संभाजीनगरची संस्था 1977 पासूनची, तिच्याच धर्तीवर. दहावीनंतर तिथं प्रवेश मिळाला तर एनडीएच्या लेखी परीक्षेची आणि मुलाखतीची दोन वर्षं नीट तयारी होते. प्रवेशाच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. आधी एखाद्या चांगल्या डॉक्टरांकडून डोळे आणि कान तपासून घ्या. वैमानिकासाठी उंचीबरोबरच पायांची लांबी आणि बसल्यावरची उंचीही मोजतात, कारण कॉकपिट कुणाच्या मापानं बदलत नाही.

आणि एक गोष्ट आजच सांगून ठेवा. वैमानिक होण्याची क्षमता तपासणारी संगणकावरची चाचणी, जिला सीपीएसएस म्हणतात, आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालं तर उड्डाणाची शाखा कायमची बंद, पुढे कितीही मार्क मिळवले तरी. हात, डोळे आणि लक्ष एकाच वेळी किती जमवून घेता, हे ती बघते. क्लासमध्ये घोकून तिची तयारी फारशी होत नाही, आदल्या रात्रीची पुरेशी झोप जास्त कामाला येते. त्यात नाही जमलं तर हवाई दलाची तांत्रिक आणि प्रशासकीय शाखा, नौदल, लष्कर, सगळं खुलं राहतं. अर्ज भरताना पसंतीक्रमात तेही लिहायला सांगा.